ग्रुप प्रोजेक्ट करायचाच तर एकाच वर्गातली सहा पोरं नकोत

नवीन शैक्षणिक धोरण जुलै 2020 मधे मंजूर झालं, आपल्याकडे महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून ते लागू झालं, आणि तेव्हापासून मल्टिडिसिप्लिनरी हा शब्द ऐकून ऐकून कान किटलेत. प्राचार्यांच्या भाषणात तो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या रिपोर्टमधे तो, अ‍ॅडमिशनच्या फ्लेक्सवर पण तोच. आता प्रत्यक्षात काय आहे ते बघा. नियम असा की ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई हा विषय आपल्या फॅकल्टीच्या बाहेरचाच घ्यायचा, म्हणजे बीएस्सीच्या पोराने कॉमर्स नाहीतर आर्ट्सचा काहीतरी घ्यायचा. कागदावर झकास. पण टाइमटेबल जुळत नाही म्हणून अनेक ठिकाणी अख्खी बीएस्सीची डिव्हिजन उचलून एकाच ओईला बसवतात, समोर कॉमर्सचे सर, बाकांवर सगळे बीएस्सीवालेच, आणि दोन तासांनी सगळे परत आपल्या लॅबमधे. कॉमर्सच्या एकाही पोराशी एक शब्द बोलणं झालेलं नसतं. दोन शाखा एका मार्कशीटवर छापल्या गेल्या, बास, भेट काही झाली नाही.

मला विचाराल तर वेगवेगळ्या शाखांचं एकत्र येणं हे एका विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन-चार विषय कोंबून होत नाही, ते वेगवेगळं शिकलेली माणसं एकाच प्रश्नाभोवती बसली तर होतं. आणि त्याला पदवीच्या पातळीवर एकच व्यवहारी मार्ग दिसतो, तो म्हणजे मिश्र गटाचा प्रोजेक्ट. सहा जण, शक्यतो सहा वेगवेगळ्या विषयांचे, प्रश्न एक, तोही गावातला खरा प्रश्न, आणि त्यासाठी एक अख्खं सेमिस्टर.

यासाठी नवीन विषय सुरू करायची, नवीन क्रेडिट शोधायची काही गरज नाही ही यातली चांगली गोष्ट. महाराष्ट्राच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट (एफपी) आणि कम्युनिटी एंगेजमेंट (सीईपी) आधीच बसवलेले आहेत, बहुतेक ठिकाणी दोन-दोन क्रेडिटचे, आणि प्रात्यक्षिक किंवा फील्डच्या कामाला एका क्रेडिटमागे 30 तास धरतात, म्हणजे एका प्रोजेक्टला 60 तास झाले. दोन्ही एकत्र केले तर 120 तास. एवढ्या वेळात सहा जणांना बरंच काही करता येतं. पण आज या तासांचं काय होतं? जे याआधी पर्यावरणाच्या प्रोजेक्टचं झालं तेच.

आठवा जरा. सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून पर्यावरण हा विषय सगळ्या पदव्यांना सक्तीचा झाला, हेतू उत्तम होता, आणि कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'जलप्रदूषण' आणि 'घनकचरा व्यवस्थापन' तयार मिळायला लागले. मुंबईकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ब्लॅक बुक म्हणतात, काळं रेक्झिनचं बाइंडिंग आणि त्यावर सोनेरी अक्षरं. आत पहिल्या पानावर सर्टिफिकेट, मग मी अमुक अमुक असं जाहीर करतो की हे काम माझं स्वतःचं आहे असं प्रतिज्ञापत्र, मग आभाराचं पान, ज्यात प्राचार्य, विभागप्रमुख, लायब्ररी, आईवडील सगळे ठरलेल्या क्रमाने येतात आणि बऱ्याचदा तर मागच्या वर्षीच्या मार्गदर्शकाचं नाव तसंच राहिलेलं असतं. मग 50 जणांचा 'सर्व्हे', गुगल फॉर्मवर, आणि ते 50 जण म्हणजे वर्गातलेच मित्र आणि मामाची मुलं. पाय चार्ट. निष्कर्ष: जनजागृतीची आवश्यकता आहे. बाइंडिंगचा खर्च मात्र खरा असतो.

आता एफपीचं पण हेच होणार असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, काही ठिकाणी झालेलंच आहे. पण असं का होतं? पोरं आळशी आहेत म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. ते प्रोजेक्ट खोटे होतात कारण त्यात प्रश्नच खोटा असतो. 'जलप्रदूषण: एक अभ्यास' या विषयाचं उत्तर आधीच माहीत आहे, कोणाला ते नको आहे, आणि ते शोधायला दुसऱ्या कोणाची गरजही नाही. ज्या प्रश्नाला एकाच विषयाचं पुस्तक पुरतं त्याच्यासाठी ग्रुप बनवला की एक जण लिहितो, एक प्रिंट काढतो आणि चार जण सही करतात, तुम्ही कितीही नियम करा.

उलट बाजूने एक उदाहरण घेऊ. सोलापूर. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 चं, आणि त्याचं कार्यक्षेत्र एकच जिल्हा, त्यामुळे असं काही करून बघायला याच्याइतकी सोयीची जागा राज्यात नाही असं मला तरी वाटतं. आता सोलापुरातल्या कोणालाही विचारा शहराचा प्रश्न काय, पहिलं उत्तर पाणी. उजनी धरण जिल्ह्यातच, साठवण 117 टीएमसीच्या घरात, त्यातलं 54 च्या आसपास वापरायचं, आणि शहरातल्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी. का?

सिव्हिलचा किंवा फिजिक्सचा पोरगा म्हणेल पाइपलाइन, पंपिंग, टाक्या, गळती. बरोबर आहे, पण अर्धंच. शहराला पाणी पाइपलाइनने येतं तसं भीमेच्या पात्रातूनही येतं, उजनीतून नदीत सोडतात आणि ते औज, चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत पोचेतो वाटेत किती जिरतं, किती उडतं आणि किती उपसलं जातं हे बघायला भूगोलवाला लागेल, ज्याला नकाशा काढता येतो आणि नदीकाठचा ऊस ओळखता येतो. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी का सोडावं लागतं, त्यात शेतीची पाळी आणि शहराची पाळी यांचं भांडण कसं सुटतं किंवा सुटत नाही, हा राज्यशास्त्राचा भाग. महापालिकेचं बजेट उघडून पाणीपट्टी किती लावली, किती वसूल झाली आणि वीजबिल किती हे काढायला बीकॉमची पोरगी लागेल, आणि मी सांगतो, एकदा तिने खरं बजेट वाचलं की अकाउंट्सच्या पुस्तकातल्या त्या राम-श्याम भागीदारीपेक्षा तिला ते शंभर पटीने जास्त कळेल. घरोघरचं सॅम्पल कसं घ्यायचं हे स्टॅटवाल्याने सांगायचं, नाहीतर परत तेच, सर्व्हेत मामाची मुलं.

आणि सहावा कोण, तर भाषेचा विद्यार्थी. याच्यावर लोक हसतात, बीए मराठीवाला पाण्याच्या प्रोजेक्टमधे काय करणार. सोलापूरच्या पूर्वभागात जा. घराघरात तेलुगू, थोडं पुढे गेलात की कन्नड, मधे दखनी. बायका दारात सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. त्यांच्याशी बोलायचं कसं, प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा, 'तुम्ही पाणीपुरवठ्याबाबत समाधानी आहात का' असला फॉर्मवरचा प्रश्न टाकून त्याऐवजी 'नळ किती वाजता येतो आणि उठतं कोण' असं विचारायचं, हे ज्याला भाषेचं भान आहे त्यालाच सुचतं. आणि त्या एका प्रश्नातून जे निघेल ते इंजिनिअरच्या मॉडेलमधे कधीच येणार नाही. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. समजा नळ रात्री दोनला येतो, म्हणजे ती बाई दोनला उठणार, तासभर भरणार, दुसऱ्या दिवशी तिच्या विड्या कमी होणार, म्हणजे मजुरी कमी होणार. पान भिजवायला पाणी लागतं ते वेगळंच. आता हा हिशोब सहा जणांनी टेबलावर मांडला की पाणीपट्टी जास्त का कमी, या वादाचा चेहराच बदलतो, कारण पाण्याची एक किंमत ती बाई आधीच झोपेतून आणि मजुरीतून भरते आहे आणि पालिकेच्या कुठल्याही खात्यात ती दिसत नाही. हे अर्थशास्त्र आहे की समाजशास्त्र की हायड्रॉलिक्स? काय फरक पडतो.

जगात हे कोणी करत नाही अशातला भाग नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे वुस्टर पॉलिटेक्निक म्हणून एक इन्स्टिट्यूट आहे, तिथे 1970 सालीच अभ्यासक्रम मोडून नवा केला आणि आजही तिथल्या प्रत्येक इंजिनिअरिंगच्या पोराला आपल्या ब्रँचबाहेरचा, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या सांध्यावरचा एक गटप्रोजेक्ट केल्याशिवाय डिग्री मिळत नाही, त्याचं वजन तीन कोर्सएवढं असतं आणि बरेच जण सात आठवडे बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच करतात. इतकं लांब कशाला, आयआयटी मुंबईत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे, बीटेकची मुलं तिथे गावातले प्रश्न घेऊन प्रोजेक्ट करतात, त्यातूनच पुढे उन्नत महाराष्ट्र अभियानाची कल्पना आली, 2016 मधे सरकारने जीआर काढला, इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्या जिल्ह्याच्या कामांचा अभ्यास करावा म्हणून. फार चांगलं काम. माझी तक्रार एवढीच की त्यात मुख्य माणूस इंजिनिअरच राहिला. जिल्ह्यात इंजिनिअरिंगपेक्षा कितीतरी जास्त पोरं बीए, बीकॉम, बीएस्सी करतात, त्यांना कोणी विचारलं नाही.

आता विरोधातले मुद्दे. सगळ्यात वजनदार मुद्दा जुन्या प्राध्यापकांचा असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, अहो पोराला स्वतःचा विषय येत नाही, इंटिग्रेशन येत नाही, जर्नल एंट्री येत नाही, आणि तुम्ही त्याला सहा विषयांच्या खिचडीत टाकताय, एक ना धड भाराभर चिंध्या. खरं आहे. नवीन रचनेत मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, एवढ्या आद्याक्षरांच्या गर्दीत मुख्य विषयाचे तास आधीच आक्रसलेत, त्यात आणखी एक भर नकोच. म्हणून मी म्हणतो भर घालू नका, आहे तेच तास वापरा. आणि दुसरं म्हणजे हे पहिल्या वर्षाला बिलकुल नको. पहिल्या वर्षाची सहा पोरं एकत्र आली तर ती सहा वेगवेगळ्या विषयांची नसतात, ती सहा बारावी पास पोरं असतात. प्रत्येकाच्या हातात काहीतरी यायला दोन वर्षं लागतात. पाचव्या सेमिस्टरला घ्या. तोपर्यंत स्टॅटवाल्याला सॅम्पलिंग येतं, बीकॉमवालीला ताळेबंद वाचता येतो. आणि खरं सांगायचं तर स्वतःचा विषय पक्का व्हायला याच्यासारखं दुसरं औषध नाही, कारण परीक्षेत समोरच्या सरांना आधीच माहीत असलेलं सांगायचं असतं, इथे मात्र ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही अशा पाच जणांना पटवायचं असतं.

दुसरा मुद्दा फुकट्यांचा. ग्रुपमधे एक जण राबतो, बाकीचे मजा मारतात, आणि मार्क सगळ्यांना सारखे. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेती-इंजिनिअर होता, त्याने लोकांना दोर ओढायला लावून मोजलं, 1913 मधे छापलं, आठ जण एकत्र ओढायला लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्याचं म्हणणं होतं की ताळमेळ बसत नाही म्हणून, पुढच्या संशोधकांनी दाखवलं की तेवढंच नाही, माणूस मुळात जोरच कमी लावतो, कारण कोण किती ओढतंय ते दिसत नाही. म्हणजे उपाय पण तिथेच आहे, दिसलं पाहिजे. मिश्र गटाचा इथे एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. एकाच वर्गातले सहा जण असले की कोणीही कोणाचं काम करू शकतो, हुशार पोरगी सगळं उरकते. सहा शाखांचे असले की बजेटचा भाग आला नाही तर तो कोणाकडून आला नाही ते उघडं असतं, आणि तो दुसऱ्याला पटकन करताही येत नाही.

मार्कांचं मी असं करेन: निम्मे गटाच्या अहवालाला, निम्मे प्रत्येकाच्या एकट्याच्या तोंडीला, आणि तोंडीत प्रश्न स्वतःच्या भागावर कमी, दुसऱ्याच्या भागावर जास्त. शिवाय सहाही जणांनी एकमेकांबद्दल बंद पाकिटात द्यायचं, कोणी काय केलं. यावर भांडणं होणार, होऊ देत. डेन्मार्कमधे रॉस्किल्ड आणि ऑलबॉर्ग ही दोन विद्यापीठं सत्तरच्या दशकात गटप्रोजेक्टवरच उभी राहिली, ऑलबॉर्गला आजही सेमिस्टरचं साधारण निम्मं काम प्रोजेक्टचं असतं, आणि तिथे 2006 मधे सरकारने गटाची एकत्र तोंडी बंदच करून टाकली, प्रत्येकाची वेगळी घ्या म्हणून, त्यावर बराच गदारोळ झाला आणि पुढे सरकार बदलल्यावर ती परत आली. तीस-तीस वर्षं हे करणाऱ्यांनाही मार्कांचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही, आपल्याला पहिल्याच वर्षी सुटेल अशी अपेक्षा नको आणि सुटलं नाही म्हणून गाशा गुंडाळायलाही नको.

खरी अडचण मला पोरांची वाटत नाही, टाइमटेबल आणि वर्कलोडची वाटते. सहा शाखांच्या पोरांना आठवड्यातून एक अर्धा दिवस एकत्र मोकळा मिळाला पाहिजे. ऐकायला सोपं. करून बघा. सायन्सची प्रॅक्टिकल दुपारी, कॉमर्स सकाळी सातला सुरू होऊन अकराला संपतं कारण पोरं नंतर दुकानात, एजन्सीत कामाला जातात, आर्ट्सवाल्यांचं तिसरंच. हे विद्यापीठाने सर्क्युलर काढून ठरवल्याशिवाय होणार नाही, की अमुक वारी दुपारनंतर कुठल्याच शाखेचा तास नाही. आणि बऱ्याच तालुक्याच्या गावांत तर कॉलेजच एका शाखेचं असतं, इथे आर्ट्स-कॉमर्स, चार किलोमीटरवर इंजिनिअरिंग, मधे शेतकीचं, तिघांच्या संस्था वेगळ्या आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. धोरणात लिहिलंय की 2040 पर्यंत सगळ्या संस्था बहुशाखीय व्हाव्यात. 2040 पर्यंत थांबायचं का मग? त्यापेक्षा तीन कॉलेजांची सहा पोरं एका चहाच्या टपरीवर बसवणं कमी खर्चाचं आहे. गंमत म्हणजे आपल्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी चक्क एक चौथी विद्याशाखाच करून ठेवली, भिंती पाडायच्या होत्या तर आणखी एक खोली बांधली.

वर्कलोडचं तर विचारूच नका. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवायचे असा नियम, त्यात प्रोजेक्टचं मार्गदर्शन किती धरायचं यावर कोणी ठामपणे बोलत नाही, आणि निम्म्या विभागांचा गाडा ज्यांच्या जिवावर चालतो त्या सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या, मॅडमना तर तासावर पैसे, वर्गात तास घेतला तर बिल निघतं, पोरांबरोबर पूर्वभागात चार तास फिरल्या तर त्याचं बिल कुठल्या रकान्यात लिहायचं? हे आधी ठरवा. एका गटामागे आठवड्याला दोन तास वर्कलोडमधे धरा, सीएचबीला त्याचे पैसे द्या, आणि मगच अभ्यासमंडळाची मीटिंग लावा. हे न करता प्रोजेक्ट सुरू केले तर सगळं बाराच्या भावात जाणार आणि दोष परत पोरांवर येणार.

आणि म्हणूनच मी याच्या बाजूने असूनही सक्तीच्या विरोधात आहे, निदान पहिली तीन वर्षं तरी. आपल्याकडे चांगली कल्पना मारायचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती एका वर्षात सगळ्यांना सक्तीची करणं. संलग्न कॉलेजांची नवीन रचनेतली पहिली बॅच 2026-27 मधे तिसऱ्या वर्षाला येते. त्यातून ज्यांना हवं त्यांनाच घ्या, एका जिल्ह्यात वीस-पंचवीस गट झाले तरी पुष्कळ. बाकीच्यांनी नेहमीचा एफपी करावा. वीस गटांसाठी वीस खरे प्रश्न आणि वीस खपणारे प्राध्यापक मिळतील, हजार गटांसाठी परत झेरॉक्सवालाच मिळेल.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही ती बोलून टाकतो. खरा प्रश्न घेतला की तो कोणाच्या तरी अंगाला लागणार. पाणी घेतलं तर पालिका, ऊस घेतला तर कारखाना, आणि कॉलेजची संस्था ज्यांची तेच कारखान्याचे चेअरमन असं चित्र आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. पोरांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना फोन येणार, आणि प्राचार्य सरांना बोलावून म्हणणार, जरा दुसरा विषय घ्या ना, प्लास्टिकमुक्ती वगैरे. हे टाळायचं तर प्रश्न कॉलेजने ठरवायचा नाही, विद्यापीठाने ठरवायचा, दरवर्षी मे महिन्यात पालिका, जिल्हा परिषद, कामगार संघटना, व्यापारी सगळ्यांकडून मागवून त्यातले वीस निवडायचे आणि यादी जाहीर करायची. अर्ज जाईल तो विद्यापीठाच्या लेटरहेडवर, पोराच्या नावाने नाही. ज्या खात्याबद्दल अहवाल आहे त्याचा एक अधिकारी तोंडीला बसवायचा, त्याला पोरांना उलटे प्रश्न विचारू देत, पोरांनाही त्याला विचारू देत. आणि अहवाल मराठीत हवा, वीस पानांच्या आत, आभाराचं पान न लावता, विद्यापीठाच्या साइटवर सगळ्यांना वाचता येईल असा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला तो जिथे थांबला तिथून पुढे जाता येईल.